मांडीवरचं तिकीट

जळगाव,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुलू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोन करता आला असता. पण मी फोन कानाला लावला की युसूफपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचे कान माझ्या कानाला येऊन चिकटतात, आणि मला जे विचारायचंय ते अफिफासमोर बोलायचं नाही. एरंडोलच्या शाळेत आपण एका बाकावर बसून चिठ्ठ्या लिहायचो, तशी ही एक मोठी चिठ्ठी समज. तेव्हाही उत्तरं तू सांगायचीस आणि मी उतरवून घ्यायचे.

अफिफाचं तुला माहीत आहेच. जावई हैदराबादला फर्निचरच्या कारखान्यात लागला. बायकोपोरांना न्यायचं म्हणाला आणि मी आडवी आले. शेहजाद अजून दूध पितो, अर्शीची बालवाडी आहे, परमुलखात एकट्या पोरीला कोण बघणार, काय काय म्हणाले मी. हसनैन गरीब स्वभावाचा. उलटून एक शब्द बोलला नाही, एकटाच गेला, आणि मग बोलणंच टाकलं. बकरी ईदलाही आला नाही. आता आठ महिने होत आले. बाहेरच्या बायका विचारतात, लेक अजून इथेच का? मी म्हणते, पोरं लहान आहेत ना. त्या मान डोलावतात, आणि त्यांना खरं काय ते कळलंय हे मलाही कळतं.

परवा त्याचा आपणहून फोन आला. खोली घेतली आहे, रमजान लागायच्या आत या, पहिला रोजा आपल्या घरात सोडू, म्हणाला. रेल्वेत दोन पोरं घेऊन एकटीचे हाल होतील, जळगावहून विमान आहे, त्याने ये. हे सगळं गोड बोलला. शेवटी मात्र म्हणाला की या वेळी नाही आलीस तर मी परत बोलावणार नाही. अफिफाने ते मला सांगितलं नाही, फोन स्पीकरवर होता, मी भिंतीआडून ऐकलं.

आमच्यात कोणी विमानात बसलेलं नाही. निकाह झाल्यापासून बघतेय, युसूफ चादरींची गाठोडी एसटीच्या टपावर चढवून आठवडे बाजार करत आला. तू मात्र नातवाला मांडीवर घेऊन बंगळूरला जाऊन आलीस. तर मला सगळं नीट लिही. पोरं रडली तर काय करायचं, खायला काय द्यायचं, बरोबर काय घ्यायचं. शेहजाद म्हणजे तुफान आहे, आणि अफिफा जरा कोणी रोखून बघितलं की रडते. पोरगी आपल्या घरी पोहोचली पाहिजे, सुलू. तिला मीच अडवलं होतं.

तुझी,
मेहरुन


धुळे, देवपूर,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मेहरुन,

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि रागही आला. आनंद जावयाच्या फोनचा आणि राग तुझ्या घाबरण्याचा. विमानात जायचंय, चंद्रावर नाही. बाजारात जाऊन यावं तसे लोक हल्ली विमानाने जाऊन येतात. मी गेले तेव्हा माझ्या पलीकडे एक बाई तर निवांत लसूण सोलत बसली होती.

आता शांतपणे ऐक. पहिली गोष्ट जागेची. मागची जागा घ्यायची नाही. मागे चाक येतं, दणके बसतात, पोरं ओकतात. कंडक्टरची बायको म्हणून तीस वर्षं काढली आहेत मी, एवढं तर मला कळतं. जागांना नंबर असतात म्हणा, पण नंबरावर कोणी भरवसा ठेवावा! दार उघडलं की अर्शीला पुढे सोडा आणि खिडकीशी रुमाल टाकायला सांगा. पोरगी चुणचुणीत आहे, करेल.

दुसरं, खाणं. निघताना पोरांना पोटभर जेवू घालायचं नाही. वरण-भाताचे चार घास पुरे. पिशवीत लिंबू आणि आवळासुपारी ठेवायची. आणि उलटीची सवय असेल त्याच्या पोटावर सदऱ्याच्या आतून वर्तमानपत्राचा कागद बांधायचा. हसू नकोस, साक्रीच्या घाटात मी यावर पैज जिंकलेली आहे. खिडकीशी बसणाऱ्याच्या डोक्याला रुमाल बांधा, वारा लागतो. कानात कापूस घाला. दोन जोडी कपडे वर काढून ठेवा, बॅगेच्या तळाशी नकोत, कारण पोरांना कपडे खराब करायचा मुहूर्त बरोबर सापडतो.

आणि रडलं तर रडू दे. शेजारचा माणूस तोंड वाकडं करेल. करू दे. तो काय आईच्या पोटातून टाय लावून आला होता? माझा नातू चांगला टाहो फोडत होता, मी त्याला मांडीवर घेऊन थोपटत राहिले. शेवटी पुढच्या सीटवरच्या साहेबांनीच वळून त्याला बोटं नाचवून दाखवली.

आता महत्त्वाचं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर नेता येतं, त्याला वेगळी जागा घ्यावी लागत नाही. शेहजाद दोनाच्या किती पुढे आहे? चार महिने? मग दीड सांगा आणि मोकळ्या व्हा. अंगाने बारीकच आहे पोरगा. एसटीत पाच वर्षांच्या पुढे अर्धं तिकीट लागतं, आणि आमचे हे म्हणायचे की आपल्या खानदेशातली पोरं मिशा फुटेपर्यंत पाचाच्या पुढे जातच नाहीत. पाटलाची बाई असो की मोलकरीण, एसटीत चढली की पोराचं वय उतरतं. त्यात खोटं असं काही नाही, ती रीतच आहे. शिवाय अफिफाच्या मांडीवर राहील तर तो शांतही बसेल.

जावईबापूंना माझा आशीर्वाद कळव. आणि तू रडू नकोस.

तुझी,
सुलू


जळगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुलू,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. अर्शी तेव्हापासून घरभर रुमाल टाकत फिरते. युसूफच्या खाटेवर, देगचीवर, बकरीच्या पाठीवर. हसनैनने फोनवर तिला विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, अब्बू, तुमच्यासाठी जागा धरतेय. अफिफाने फोन घेतला आणि आत गेली.

तिकिटं काढली. पंचवीस तारखेचं विमान आहे. इंटरनेटच्या दुकानात मीच गेले होते. शेहजादचं वय दीड सांगितलं आणि तो मांडीवर लागला. दुकानदाराने जन्मतारीख विचारली, मी जुळवून सांगितली. अफिफा मागून हळूच म्हणाली, अम्मी, आधारवर खरी तारीख आहे. मी म्हटलं, सुलूखालाने सांगितलंय, ती जाऊन आली आहे, तुला जास्त कळतं का?

तिने नवा ड्रेस शिवायला टाकलाय, हिरवा. आठ महिन्यांत पहिल्यांदा दर्जीकडे गेली. दोन पिशव्या भरून झाल्यात. एकीत शेवया आणि लोणचं, दुसरीत पोरांचं. हसनैनला मेहरूण तलावाकडची बोरं आवडतात, तीही टाकली. आता फक्त डोळे मिटून तिला बसवायचं बाकी आहे.

तुझे उपकार कसे फेडू ते सांग.

तुझी,
मेहरुन


जळगाव,
२७ फेब्रुवारी २०२५

सुलक्षणा,

अफिफा गेली नाही. तिला जाऊ दिलं नाही.

विमानतळावर मी आणि युसूफ दारापर्यंत सोडून थांबलो होतो. थोड्या वेळाने आतून एक माणूस आला आणि म्हणाला, तुमच्यातल्या एका मोठ्याला आत बोलावलंय. मी गेले. तिथे एक मुलगी बसलेली, अफिफापेक्षाही लहान असावी असा चेहरा. अगदी गोड बोलत होती. तेच जास्त लागलं. तिने आधार मागितलं, अफिफाने घाबरून दिलं. त्यावरची तारीख आणि तिकिटावरची तारीख जुळेना. ती म्हणाली, बाळ दोनाच्या पुढे आहे, त्याला स्वतःची जागा लागते, तो नियम त्याच्याच भल्याचा आहे. मी म्हटलं, कागदात चूक असेल, पोरगा दीडच आहे. तेवढ्यात अर्शी मोठ्याने म्हणाली, नानी, आज याला दीड सांगायचं ना?

रांगेतले सगळे आमच्याकडे बघत होते. कोणीतरी हसलं. मग ते हसणंही थांबलं आणि एक वर्दीवाला जवळ येऊन उभा राहिला. तुला कसं सांगू? तुझ्याकडचं कोणी पोराचं वय चोरताना सापडलं तर लोक म्हणतील, बाई लबाड आहे. आमच्याकडचं सापडलं की लोक पिशव्यांकडे बघायला लागतात. त्यांनी पिशव्या पुन्हा उघडल्या. शेवया, बोरं, पोरांच्या चड्ड्या, सगळं त्या टेबलावर मांडलं गेलं. शेहजादच्या पोटावरून वर्तमानपत्राचा कागद निघाला. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीने सांगितलं तसं केलं, ती विमानातून जाऊन आलेली आहे. ती मुलगी फक्त म्हणाली, सॉरी मॅडम, विमान भरलंय, बाळासाठी जागा शिल्लक नाही.

अफिफाने बाहेर येऊन हसनैनला फोन लावला. तो तिकडे विमानतळाच्या बसमध्ये बसलेला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं, पोराच्या वयाचा बहाणा कशाला? तेव्हापासून फोन बंद आहे. हिरवा ड्रेस तिने घडी करून ठेवून दिलाय.

रीत आहे म्हणालीस ना. तुझी रीत तुझ्यापाशी ठेव.

मेहरुन


धुळे,
१६ मार्च २०२५

प्रिय मेहरुन,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कुरडयांचा चीक ढवळत होते. वाचता वाचता चीक खाली लागला, घरभर जळका वास सुटला, आणि शेजारणी विचारायला आल्या. मी म्हटलं, लक्ष नव्हतं. तेव्हापासून तुला लिहायला बसते आणि उठते. इतके कागद फाडले की पोस्टमन माझी चौकशी करायला लागला.

आधी एक सांगते, मग तुला वाटलं तर पुढे वाच. मी विमानात कधी बसलेलीच नाही.

गेल्या वर्षी सूनबाई कल्याणला माहेरी बाळंत झाली. दोन्ही पोरांना घेऊन ती विमानाने बंगळूरला जाणार होती. प्रेमराज म्हणाला, आई, तूही चल, एक पोर तू घे, एक ती घेईल. मेहरुन, मी आनंदाने वेडी झाले. सगळ्या गल्लीला सांगितलं. भिशीच्या बायकांनी शाल-नारळ दिला, उखर्डू वाण्याने पेढे दिले. आदल्या दिवशी बॅग भरून दाराशी ठेवली, आणि प्रेमराजचा फोन आला. म्हणाला, तिची आईच बरोबर जाईल, तिला विमानाची सवय आहे. मी म्हटलं, अरे, मी शिकेन की, त्यात काय! तर म्हणाला, आई, तिने दोन पोरं सांभाळायची की तिसरी तू? हसत म्हणाला. वाईट मनाने नाही म्हणाला तो. पुढच्या महिन्यात तुझं तिकीट काढतो, असंही म्हणाला.

मी हसले. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हसतच होते.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली मला रिक्षापर्यंत सोडायला आली. त्यांना काय सांगू? मी स्टँडवर गेले आणि पिंपळनेरच्या गाडीत बसले, भावाकडे जायला. हिलालभाऊने दारात मला बघितलं, बॅग बघितली, शाल बघितली, आणि विचारलं नाही काही. मीच रडत सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, तू आठे ऱ्हाय. कोनले काय सांगानं नही. हाई तुनंच घर शे." दीड महिना राहिले. परत येताना इथे धुळ्यातल्याच दुकानातून म्हैसूरपाक घेतला आणि गल्लीत वाटला. बायका म्हणाल्या, बंगळूरची चवच वेगळी. लसूण सोलणारी बाई, बोटं नाचवणारा साहेब, ही सगळी माणसं मी हिलालभाऊच्या ओट्यावर बसून तयार केली. नातू मांडीवर होता ते तर मी इतक्यांदा सांगितलंय, की कधीकधी मांडीला त्याचं वजन जाणवतं.

तू मला विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला विमानाचं विचारत होतं. मी फुगले. एसटीची सगळी अक्कल विमानाला लावली, आणि वर पोराचं वय चोरायला सांगितलं. आमच्या ह्यांनी तीस वर्षं अशा बायांना तिकीट मागताना मान खाली घातली, आणि मी त्यांची बायको असून तेच शिकवलं. पिशव्या उघडल्या ते वाचून मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी तुला रीत म्हणून सांगितलं ती माझी रीत होती. मला ती कधी महागात पडली नसती. हा विचार मला आला नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

हसनैनचा नंबर दे. मी स्वतः सांगते त्याला. अफिफाचं घर माझ्या बढाईपायी मोडू नये. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

सुलू


जळगाव,
२४ मार्च २०२५

प्रिय सुलू,

मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी युसूफने तुला पिंपळनेरच्या बाजारात बघितलं होतं. तू हिलालभाऊबरोबर मिरच्या निवडत होतीस. त्याने चादर डोक्यावर ओढली आणि पाठ फिरवून बसला, तुला दिसू नये म्हणून. घरी येऊन म्हणाला, सुलक्षणा बंगळूरला गेलेली नाही, काहीतरी झालंय, तू विचारू नकोस. मी विचारलं नाही. तू म्हैसूरपाक पाठवलास, तो आम्ही खाल्ला. चांगला होता.

मग तुलाच का विचारलं? विमानाची माहिती इंटरनेटवाल्यानेही दिली असती. पण मला वाटलं, तुला विचारलं तर तुला बरं वाटेल. तू कुणाच्या तरी उपयोगी पडलीस असं होईल. खिडकीतून वारा लागतो हे वाचून युसूफ इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मीही हसले. म्हणजे तुझं कोणतंही बोलणं आम्ही खरं धरलं नव्हतं. कागद बांधला तो अर्शीच्या हट्टाने.

आता पुढचं ऐक. पोराचं वय दीड सांगायचं हे मी तुझं पत्र यायच्या आधीच ठरवलं होतं. युसूफला बोललेही होते. तो नको म्हणाला होता. तुझ्या पत्रात तेच सापडलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण मग ते माझ्या अंगावर राहत नव्हतं. मी दुकानात तुझं नाव घेतलं, विमानतळावर तुझं नाव घेतलं, घरी येऊन लेकीसमोर घेतलं. आणि तुला ते पत्र लिहिलं. लिहिताना मला माहीत होतं की तू कधी विमानात बसलेली नाहीस. तू खोटं बोललीस ती एका गल्लीशी. मी तुझ्या खोट्याची पिशवी केली आणि माझं खोटं त्यात भरलं.

तू सगळं कबूल केलंस आणि मी दोन दिवस ते पत्र कुणाला दाखवलं नाही. मग अफिफाला बसवून सांगितलं. ती रागावली नाही, नुसती म्हणाली, अम्मी, तुम्ही मला पाठवायचं होतं की ठेवून घ्यायचं होतं? खरं सांगू, सुलू? पोरं घरातून गेली की घर कसं लागेल, ते मनात होतंच माझ्या.

हसनैनशी मीच बोलले. त्याच्या कारखान्यातल्या फोनवर. सगळं सांगितलं, अफिफाला त्याच्याबरोबर जाऊ दिलं नव्हतं तिथपासून. मग म्हणाला, ईद झाल्यावर पाठवा. एवढंच म्हणाला, पुढे कसं काय ते कळलं नाही मला.

या वेळी शेहजादची जागा वेगळी घेतली आहे, खऱ्या तारखेने. पण अफिफा त्या टेबलाला घाबरते. एकटी जाणार नाही म्हणते. युसूफला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, आणि त्याला सोडून मला निघता येत नाही. तर तू जा तिच्याबरोबर. विमानाची सवय नाही म्हणून नको म्हणू नकोस. कोणालाच नसते. चार तारखेचं तिकीट मी तुझ्या नावाने काढून ठेवलंय. वय खरं घातलंय, रागावू नकोस.

तुझी,
मेहरुन


हैदराबाद,
६ एप्रिल २०२५

प्रिय मेहरुन,

आम्ही सुखरूप पोहोचलो हे अफिफाने फोनवर सांगितलंच असेल. पण तुझ्याकडे फोन कानाला लावला की काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून बाकीचं लिहिते.

निघायच्या आधी मी भिशीत सांगून टाकलं. मी आता विमानाने जाणार आहे, आणि पहिल्यांदाच जाणार आहे. उखर्डू वाण्याची बायको चहा ओतत होती, ती ओतत राहिली, कप भरून बशीत आला. मग म्हणाली, मग तो म्हैसूरपाक? मी म्हटलं, इथलाच. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, आमच्याच दुकानाच्या डब्यात होता. इतके दिवस सगळ्याजणी माझ्या तोंडावर बंगळूर-बंगळूर करत होत्या गं. मला भुईत जावंसं वाटलं. घरी येऊन खूप रडले.

विमानतळावर तीच मुलगी होती. अफिफाने कागद दोन्ही हातांनी धरले होते. मुलीने कागद बघितले, शेहजादकडे बघितलं आणि म्हणाली, या वेळी स्वतःची जागा मिळाली का राजा? संपलं. मेहरुन, एवढंच होतं ते. मग तिने मला विचारलं, आजी, पहिल्यांदा चाललात? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग पुढच्या सीटखाली पिशवी ठेवा, आणि विमान उतरताना पोरांना काहीतरी प्यायला द्या, घोट गिळला की कान दुखत नाहीत. मी कापूस घेतला होता, तो गुपचूप पर्समध्येच ठेवला.

आता ऐक माझा पराक्रम. विमानाने जमीन सोडली आणि मी डोळे मिटले ते मिटले. माझ्या तोंडून "आई गं" निघालं ते पार मागच्या लोकांपर्यंत गेलं असेल. पट्टा लावता येईना तो अर्शीने लावून दिला. ती म्हणाली, खाला, घाबरू नका, मी आहे. शेहजाद त्याच्या जागेवर पट्टा लावून राजासारखा बसला होता, आणि मी अफिफाचा हात धरून बसले होते. प्रेमराज खोटं बोलला नव्हता, मेहरुन. तिने दोन पोरं सांभाळली आणि तिसरी मी. मात्र तिने ते हसत केलं. दहा महिन्यांत ती हसली का गं तुझ्याकडे?

उतरताना शेहजादने टाहो फोडला. अफिफाने त्याला बाटलीने पाणी पाजलं, थोडं त्याच्या पोटात गेलं, बाकीचं माझ्या पातळावर. पलीकडच्या माणसाने तोंड वाकडं केलं. त्याला सुनवायला मी काय काय ठरवून ठेवलं होतं, पण तेव्हा तोंडातून एक शब्द निघेना. अफिफाच म्हणाली, भाई, दो मिनट, बच्चा है. तो मान हलवून खिडकीबाहेर बघायला लागला.

हसनैन बाहेर कठड्याशी उभा होता. बारीक झालाय. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, आणि हातात बुटांचा खोका. अर्शी पळत जाऊन त्याच्या पायाला बिलगली. शेहजाद मात्र माझ्या पदराआड गेला. हसनैन खाली बसला, हात पुढे केले, म्हणाला, बेटा, अब्बू. पोराने त्याच्याकडे बघितलं, मग अफिफाकडे बघितलं. हा कोण, असं विचारत होतं ते.

मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. जावईबापू, चूक माझी होती, मेहरुनची नाही, पोरीची तर नाहीच. पण हसनैन माझ्याकडे बघतच नव्हता. त्याने खोका उघडला. लाल बूट होते, चालताना पी-पी वाजणारे. शेहजादला ते दिसले आणि तो पदराबाहेर आला. हसनैनने त्याचा पाय हातात घेतला आणि बूट चढवायला लागला. बूट जाईना. त्याने पट्टी सैल केली, टाचेखाली बोट घातलं, पुन्हा दाबलं. टाच बाहेरच राहिली. त्याने बूट उलटा करून तळ बघितला. नंबर तर बरोबर आणला होता, जाताना हाच होता, असं स्वतःशीच पुटपुटला.

मग त्याच्या लक्षात आलं. तो तसाच बसून राहिला, हातात बूट आणि मांडीवर पोराचा पाय. लोक ट्रॉल्या वळवून बाजूने जात होते. मी घाईघाईने म्हटलं, बापू, सगळी चूक माझी होती. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, खाला, रहने दो. बाप तो मैं हूँ.

अफिफाने त्याच्या हातातून बूट घेतले, खोक्यात ठेवले, आणि शेहजादला उचलून त्याच्या कडेवर दिलं. पोरगं हातपाय झाडून रडलं, त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली. हसनैनने त्याला खाली ठेवलं नाही. आम्ही तसेच बाहेर रिक्षाकडे गेलो.

तुझी,
सुलू